भिंगाची जागा

मित्रांनो, मी एक जुना टी-शर्ट आहे, आणि लपवाछपवी नको म्हणून आधीच सांगून टाकतो, मी फुकट वाटलेला टी-शर्ट आहे. विकत आणलेल्या कपड्याला घरात मान असतो. त्याची घडी घालतात, त्याला खुंटी मिळते, लग्नकार्य निघालं की त्याची आठवण होते. फुकट आलेल्याला कोण विचारतो? तरीही माझ्या वाट्याला असं आयुष्य आलं की कपाटातल्या भारी शर्टांनी हेवा करावा.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगात थोडा कापूस आहे आणि बराचसा पॉलिस्टर. तो कापूस कुठल्या शेतातला, हे मला ठाऊक नाही. कारखान्यात कुणी कुणाचं गाव विचारत नाही. रंग पोपटी, आणि पोपटी म्हणजे डोळ्यांत खुपेल असा पोपटी. एका बियाण्याच्या कंपनीनं आमचे गठ्ठेच्या गठ्ठे शिवून घेतले होते. छातीवर लाल ठसठशीत अक्षरांत कंपनीचं नाव छापलं आणि पाठीवर घोषणा : ‘बोंडंच बोंडं चोहीकडं!’ असं नाव मिरवत मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीला येऊन पोहोचलो.

दोन हजार चार-पाचचा तो सुमार. घाटंजीच्या आठवडी बाजारात तेव्हा भाजीपेक्षा बियाण्याच्या गाड्या जास्त दिसायच्या. गाडीवर भोंगा लागलेला, आत टोप्या आणि टी-शर्ट. बियाण्याच्या पिशव्या घ्या, अंगावर कपडा घेऊन जा. फुकट ते पौष्टिक म्हणतात तशी गर्दी उसळायची. त्या गर्दीत धावजी नावाचा एक शेतकरी होता. घाटंजीपासून थोड्या अंतरावर त्याचा तांडा. त्यानं मला उचललं, अंगाला लावून बघितलं आणि खांद्यावर टाकून घरी नेलं. घरात त्याची बायको बसंतीबाई, मोठा मुलगा बादल आणि अकरावीत शिकणारी मुलगी पुष्पा. मुलं आईला ‘याडी’ म्हणत. गोर, म्हणजे बंजारा बोलीत आईला तसंच म्हणतात, आणि भावाला ‘भिया’.

मी एकटाच तांड्यात आलो नव्हतो. घराघरात माझा एक भाऊ पोहोचला होता. सकाळी सगळे पुरुष शेताला निघाले की पोपटांचा थवा निघाल्यासारखा दिसायचा.

मग काय झालं? कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या खांद्याएवढी वाढली, पानं हिरवीगार, आणि बोंडं मात्र शोधावी लागली. होती तीही अळीनं पोखरली. तांड्यातली लग्नं पुढं ढकलली गेली. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या, आणि त्या निघाल्या की मोठी माणसं पोरांना बाहेर खेळायला पाठवायची. धावजी तसा हसतमुख माणूस. त्यानं कपाळाला हात लावला नाही. त्यानं फक्त मला उलटा घालायला सुरुवात केली.

“सरका घातला का कंपनी छातीवर बसते,” तो म्हणायचा. “उलटा घातला तं निदान दिसत तरी नाही.”

मित्रांनो, कपड्याचा याहून मोठा अपमान कोणता? पण चूक माझी नव्हती, आणि त्याचीही नव्हती.

बादल कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की तिघांना हात लावून माशासारखा निसटून यायचा. तांड्याचा संघ तोवर बनियनवर खेळत असे, पण हिवाळ्यात घाटंजीला मोठी स्पर्धा ठरली आणि सगळ्यांचा पोशाख एकसारखा हवा, असा नियम आला. पोरं डोकं धरून बसली. तेव्हा पुष्पा म्हणाली, “भिया, एकसारखेच हवेत ना? मंग घरोघरी टांगले हायेत की.”

“ते?” बादल उसळला. “हे नाव घालून मैदानात गेलो तं लोक म्हनतीन, बी फेल गेलं तसे हेही फेल जातीन.”

“नाव झाकून टाकू.”

पुष्पा कॉलेज सुटल्यावर घाटंजीतच श्रावणकाकांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणाचं काम करायची. काका मोजकं बोलायचे. पुष्पानं नाव झाकायची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी मला हातात घेऊन ताणून पाहिलं आणि म्हणाले, “पोरी, कपडा पहिले आंगाले जमला पायजे. डोयाचं मंग पाहू.” पुष्पानं तो शब्द गाठीला बांधला.

नाव झाकायला कापड कुठलं? ते दिलं बसंतीबाईनं. तिच्या लग्नातला फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, तिनं पेटीतून काढला आणि मुकाट्यानं कात्री चालवू दिली. त्यावरचं भरतकाम तिच्याच हातचं. तांड्यात तिच्या सुईचं नाव होतं. लाल, पिवळ्या, निळ्या दोऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मध्ये कवड्या आणि लुकलुकणारी गोल भिंगं. भिंग कापडावर ठेवायचं आणि चहूबाजूंनी दोऱ्याचं कडं इतकं घट्ट विणायचं की भिंग हलता कामा नये. तिचं कडं कधी उसवत नसे.

“पन याडी, भिंगं आन् कवड्या काढून टाकजो,” पुष्पानं बजावलं. “कबड्डीत आंगावर काच नाही चालत.”

“भिंगाबिगर नजर कशी परतन वं?” बसंतीबाईनं विचारलं. समोरच्याची वाईट नजर भिंगावर पडते आणि तिथूनच माघारी फिरते, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. त्या आईलाही तिच्या आईनं.

“नाही म्हंजे नाही.”

बसंतीबाईनं मान डोलावली. आमच्या सगळ्यांच्या छातीवर भरतकामाचे तुकडे बसले, पाठीवरच्या घोषणेवर नंबर आले, आणि बियाण्याची कंपनी एका दुपारीत गायब झाली. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं. मी बादलचा.

सामन्याच्या आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं. बसंतीबाई उंबऱ्यात बसली, मला मांडीवर घेतलं आणि डाव्या बाहीखाली, काखेच्या जरा खालच्या बाजूला, एक छोटं भिंग ठेवून त्याच्याभोवती कडं विणलं. हात खाली असला की ते कुणाला दिसणार नव्हतं. “नजर तं मोठी लागन पोराले,” ती स्वतःशीच म्हणाली. “सारा घाटंजी पाह्यन.” दोरा तोडताना तिनं माझ्यावर हलकी फुंकर घातली. मला तर कौतुकच वाटलं. सातही जणांत भिंग फक्त मला!

सामना अंतिम फेरीचा होता, समोर वणीकडचा संघ. पंचानं सगळ्यांची नखं पाहिली, अंगठ्या आणि कडी काढायला लावली. हात वर करा, असं काही तो म्हणाला नाही. मैदानाशेजारी खुर्चीवर जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडायला आलेले एक गुरुजी बसले होते आणि त्यांचे डोळे बादलवरून हलत नव्हते. लोक “पोपटी! पोपटी!” म्हणून ओरडत होते. मी घामानं चिंब झालो होतो, जड झालो होतो, पण आनंदात होतो.

पुढच्या चढाईत कोपऱ्यातल्या खेळाडूनं बादलची कंबर धरली. दोघं गुंतून खाली आपटले आणि बादल डाव्या कुशीवर पडला. मला आतून ‘कट्’ असा आवाज आला.

भिंग फुटलं होतं. त्याची धार आधी मला कापून गेली, मग बादलच्या बरगडीवर लांब ओरखडत गेली. समोरच्या मुलाचा तळवाही चिरला. पोपटी रंगावर रक्त किती लाल दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. पंचानं बादलचा हात वर केला आणि फुटकी काच बघून शिट्टी वाजवली. अंगावर काच बाळगल्याबद्दल संघ बाद. खुर्चीवरचे गुरुजी उठून निघून गेले.

दवाखान्यात टाके पडले. जखम खोल नव्हती, जिवावरचं बोटावर निभावलं. पण घरी आल्यावर, अंगणात सगळा तांडा उभा असताना, बादलनं आईकडे बघितलं.

“तुले कोनं सांगतलं होतं?” तो ओरडला. “तुह्या सुईनं माह्यं वाटोयं केलं!”

बसंतीबाई पुढं आली. तिनं मला घेतलं, कडं शाबूत ठेवून आतली काचेची कुसळं एकेक करून वेचली, कापलेलं कापड आतून कातरून टाकलं. तिथं एक भोक उरलं, आणि भोकाभोवती तिचं दोऱ्याचं कडं. मग तिनं सुया-दोऱ्यांचा डबा माळ्यावर टाकला.

त्यानंतर तिनं सुई धरली नाही. तीजेच्या सणाला पोरींच्या ओढण्या भरायच्या असोत की धावजीच्या सदऱ्याचं बटण असो, ती शेजारच्या रामीबाईला हाक मारायची. “माह्या हाताले आता गुन नाही राह्यला,” एवढंच म्हणायची. बादलचा राग आठवड्यात विरून गेला. रागाचं तसंच असतं, ज्याचा असतो त्याला तो आठवतही नाही. पण ज्याच्यावर निघतो त्याच्या अंगात तो घर करून बसतो. बादलनं मैदान सोडलं आणि पुढं वणीच्या कोळशाच्या ट्रकवर लागला. निवड झाली असती की नसती, कोण सांगणार? बसंतीबाईला मात्र पक्की खात्री होती की झालीच असती.

आणि मी? माझं फडकं झालं. मी सायकल पुसली, फवारणीचा पंप पुसला, पावसात गळक्या कौलाखाली पसरलो. एके दिवशी मी चुलीजवळ पडलेला असताना पुष्पानं मला उचललं, धुतलं, आणि यवतमाळला शिकायला जाताना आपल्या पत्र्याच्या पेटीत सर्वांत खाली घातलं. आपण त्या दिवशी भियाचा हात वर करून बघायला हवं होतं, ही टोचणी तिलाही होती. तिच्या मनात एकच होतं : याडीनं पुन्हा सुई हातात घ्यावी. मला सोबत नेण्यानं ते कसं होणार होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

यवतमाळच्या कपडेशिलाईच्या वर्गात इतर मुली लग्नाचे शालू-लेहंगे काढायच्या. पुष्पाच्या कागदावर धावणारी, झेपावणारी, पडणारी माणसं असायची आणि त्यांच्या अंगावर साधे सुटसुटीत कपडे. बाई म्हणायच्या, “अगं, हे काय शिवायचं? चड्डी-बनियन?” वर्गात हशा व्हायचा. पुष्पाही हसायची आणि पुढचं चित्र काढायची. या पोरीचं हे मला फार आवडायचं, हसू तिला लागत नसे.

शिक्षण संपल्यावर ती पेटी घेऊन तिरुपूरला गेली. तिथं खेळाचे कपडे शिवणारा मोठा कारखाना होता आणि नमुने बनवणाऱ्या विभागात तिला काम मिळालं. माझ्या गळ्यापाशी शिवलेल्या चिठ्ठीवर याच गावाचं नाव होतं, मी तर माहेरीच आल्यासारखा झालो! तिथं ती कापडाचा स्वभाव शिकली. कोणतं कापड घाम पितं, कोणतं घाम पुढं ढकलतं, कोणतं धुतल्यावर आक्रसतं, कोणती शिवण बगलेत काचते. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो, म्हणून धावणाऱ्याच्या अंगावर तो जड होतो. कापसाच्या मुलखातल्या मुलीला हे शिकताना वाईट वाटलं. घरी फोनवर धावजी विचारायचा, “एवढे कपडे शिवता, मंग आपला कापूस काहून नाही घेत?”

“बा, खेळताना वजन होते त्याचं.”

“वजन तं होनच,” धावजी म्हणायचा. “आमाले का कमी वजन झालं त्याचं?” आणि दोघंही हसायचे.

तिरुपूरहून ती पुण्याला आली. खेळाचे कपडे विकणाऱ्या एका कंपनीत ती डिझायनर झाली. मराठीत काय म्हणावं? कपडा कसा असावा ते आधी कागदावर ठरवणारी. तिथं तिच्या टेबलाशेजारी ब्रँडवाले बसायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ब्रँड, ब्रँड. मला पेटीतून सगळं ऐकू यायचं, कारण पेटी आता तिच्या टेबलाखाली कापडाचे नमुने ठेवायला असे. मित्रांनो, ब्रँड म्हणजे काय, ते मला त्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ब्रँड म्हणजे छातीवरचं नाव. शेतात बोंड धरलं नाही की लोक ते नाव उलटं करून घालतात, आणि मग कितीही भोंगे लावा, उपयोग नसतो. पण टी-शर्टाला मीटिंगला कोण बोलावतं?

मग टीव्हीवर दिसणाऱ्या एका कबड्डी संघाच्या जर्सीचं काम तिच्याकडे आलं. खेळाडूंची तक्रार एकच होती, बगलेखाली उकडतं. तिथं जाळीचं कापड लावलं तर पकडीत ते टराटरा फाटायचं. जाड लावलं तर पुन्हा उकडायचं. पुष्पानं नमुन्यामागून नमुने केले, यंत्रावर ताणले, फाडले. कंपनीत कुजबूज सुरू झाली की काम दुसऱ्याला द्यावं.

एका दुपारी नमुना शोधताना तिचा हात पेटीच्या तळाशी गेला आणि मी बाहेर आलो. तिनं मला टेबलावर पसरलं. मी विटलो होतो, खांद्यावर फाटलो होतो, खालची पट्टी निघाली होती. छातीवरच्या भरतकामाचे निम्मे दोरे गेले होते. पण बगलेखालचं भोक जसंच्या तसं होतं. इतक्या वर्षांत, इतकं पुसून, पिळून, ओढूनही ते एका दोऱ्यानं वाढलं नव्हतं. बसंतीबाईचं कडं त्याला वाढू देत नव्हतं.

पुष्पानं त्या भोकात बोट घातलं आणि जोरात ओढलं. मी इकडून तिकडून चर्र झालो, कडं हललं नाही. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. शेजारच्यांना वाटलं, काम हातचं गेलं म्हणून रडतेय.

तिनं जर्सीच्या बगलेखाली ज्वारीच्या दाण्याएवढी छिद्रं ठेवली, बोट अडकू नये इतकी बारीक, आणि प्रत्येक छिद्राभोवती दोऱ्याचं कडं. याडीच्या हातचा टाका तिनं यंत्राला शिकवला. हवा खेळू लागली, कापड फाटेना. दुरून बघितलं तर फेटियावरची भिंगांची रांगच दिसायची, फक्त भिंगं नव्हती. खेळाडूंना जर्सी आवडली आणि कंपनीलाही.

आता आले ब्रँडवाले. त्यांच्यातल्या रोशन नावाच्या तरुणाला जर्सीच्या जाहिरातीचं काम मिळालं. पोरगा मनानं वाईट नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट दिसली की तिची जाहिरातच दिसायची. पुष्पाच्या आईचा टाका, तांडा, कापसाचं शेत! तो नाचायलाच लागला. “पुष्पा, तुझी आई दारात बसून भिंग शिवतेय, बस्स, एवढंच दाखवू. लोक रडतील.” तो मलाही बघून गेला आणि म्हणाला, “याला काचेत लावू. खाली लिहू, यवतमाळच्या कापसातून जन्मलेला.”

“तो तिरुपूरचा आहे,” पुष्पा म्हणाली. “आणि निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे.”

“कोण तपासतंय?”

“मी.”

आईच्या गोष्टीला मात्र ती एकदम नाही म्हणाली नाही. दर दिवाळीला ती घरी जायची, आई रामीबाईला हाक मारताना ऐकायची आणि तशीच परत यायची. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे. तिला वाटलं, या निमित्तानं तरी याडी सुई धरेल. मला पिशवीत घालून ती रोशनच्या गाडीतून तांड्यावर आली.

अंगणात कॅमेरा लागला. सगळा तांडा गोळा झाला. बादलही वणीहून आला होता, आता चांगला पोट सुटलेला. रोशननं बसंतीबाईच्या पुढ्यात नवं कापड, दोरे आणि भिंगं मांडली. “काकू, फक्त एक भिंग शिवा.”

बसंतीबाईनं भिंगाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. “मी सुई नाही धरत, बाबू.”

“दोनच टाके, काकू.”

“नाही जमत.”

रोशननं पुष्पाला बाजूला घेतलं. “हरकत नाही. शेजारच्या मावशींना यांचे दागिने घालू. फक्त हात दिसतील. कोणाला कळणार आहे?” रामीबाई तर लुगडं सावरून तयारही झाली होती. सगळे पुष्पाकडे बघू लागले. गाडी पुण्याहून आली होती, माणसं आली होती आणि जाहिरात झाली तर पुढचं मोठं काम पुष्पाला मिळणार, हे कंपनीत ठरलं होतं.

“नाही,” पुष्पा म्हणाली. “टाका याडीचा हाय. हात दुसऱ्याचे नाही लागनार. कॅमेरा बंद कर.”

“अगं पण—”

“बंद कर, रोशन.”

त्यानं कॅमेरा बंद केला. तेव्हा पुष्पानं पिशवीतून मला काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

बसंतीबाईला विंचू चावल्यासारखं झालं. “हे अजून ठेवलं तू? जाळून काहून नाही टाकलं?”

“याडी, इथं पाह्य.” पुष्पानं माझी बाही वर केली. शेजारी नवी जर्सी ठेवली, तीही बगलेकडून. “हे तुह्यं. आन् हे माह्यं. तुह्या कड्यावरूनच घेतलं मी. माह्यी नोकरी, माह्यं नाव, सारं ह्या भोकातून आलं.”

बसंतीबाईनं आधी माझ्या भोकाकडे पाहिलं. मग जर्सी उचलली, कड्यावरून अंगठा फिरवला. तिच्या अंगठ्याला तो टाका ओळखू आला, हे मला समजलं. “यात भिंग कुठं हाय?” तिनं विचारलं.

“भिंग नाही. भिंगाची जागा तेवढी ठेवली. हवा येते तिथून.”

बसंतीबाईनं छिद्रांच्या एका बाजूला तळहात धरला आणि दुसऱ्या बाजूनं फुंकर घातली. तीच हलकी फुंकर, जी तिनं उंबऱ्यात बसून माझ्यावर घातली होती. तळहाताला वारा लागला तशी तिनं पुन्हा एकदा फुंकर घातली.

बादल पुढं आला. त्यानं ती जर्सी कशीबशी पोटावरून ओढून घातली, तांडा खो खो हसला. त्यानं हात वर केला. “लागते ना वं याडी, हवा लागते.” मग तो आईच्या समोर उकिडवा बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “त्या दिशी मी बोललो ते रागात बोललो. मले तं आठवतही नव्हतं. तू इतके वर्सं धरून बसली?”

“आईले आठवते, बापा,” बसंतीबाई म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. रोशन कॅमेऱ्याशेजारी उभा होता. त्याचा हात बटणाकडे गेला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

गाडी शेताचं, आभाळाचं चित्रण करून परत गेली. जाहिरात आली, बरी होती. तिच्यात बसंतीबाई नव्हती आणि मीही नव्हतो. पुढचं मोठं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. पुष्पा चार दिवस तांड्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बसंतीबाई उंबऱ्यात येऊन बसली. “माळ्यावरचा डबा काढ,” ती पुष्पाला म्हणाली. डबा निघाला. सुया गंजल्या होत्या, एकच धड होती. दोरा ओवायला गेली तर डोळ्यांना दिसेना. दोन-तीनदा प्रयत्न करून तिनं सुई लेकीच्या हाती दिली आणि पुष्पानं दोरा ओवून परत दिली.

मग तिनं मला मांडीवर घेतलं. फाटलेला खांदा जोडला. खालची पट्टी दुमडून शिवली. छातीवरचे गेलेले दोरे पुन्हा भरले, लालाला लाल, पिवळ्याला पिवळा. हात आधी चाचपडत होता, मग त्याला वाट सापडली. दारावरून जाणारी रामीबाई थबकली. बसंतीबाईनं वर न पाहता तिला सांगितलं, “ये, बस. तुह्या पोलक्याचं बटन तुटलं, दे इकडं.”

सगळं शिवून झालं आणि बगलेखालचं भोक तेवढं उरलं. पुष्पानं विचारलं, “हे काहून सोडलं?”

“राहू दे ते,” बसंतीबाई दोरा तोडत म्हणाली. “हवा येऊ दे.”

आता मी तिच्या दाराशी खुंटीवर असतो. होय, फुकटच्या टी-शर्टाला खुंटी मिळाली! मित्रांनो, घरातला जुना कपडा फडक्यासाठी टरकावण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. कुणाच्या तरी हातचा टाका त्यात असेल. तो हात अजून घरात असेल, तर सुईत दोरा ओवून त्याच्याजवळ जाऊन बसा. आम्ही कपडे पेटीच्या तळाशी कितीही वर्षं वाट बघू शकतो. पण बसंतीबाईला सुईचं नाक दिसेनासं झालं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.